हसरा फोटो

केडगावच्या धनश्रीने दुपारच्या मालिकेत नऊ वर्षं थोरल्या सुनेचं काम केलं. तेवढ्या काळात तिला एक गोष्ट पक्की कळली होती. सेटवर कुणी गोडीत येऊन "ताई, एक हसरा फोटो काढू" म्हणालं, की त्या पात्राचं मरण लिहून झालेलं असतं. आठवड्यात फोटोला हार पडतो आणि नटी घरी बसते.

परवा तिलाच विचारलं. मेल्यांचा डाव तिने ओळखला, दाढदुखीचं निमित्त केलं आणि तडक माहेर गाठलं.

ओट्यावर तिची आई बायडाबाई नवं लुगडं नेसून बसली होती.

"धने, माजा एक फोटू काढ. हासरा."

धनश्रीने तिच्याकडे रोखून पाहिलं. "कशाला गं?"

"आसावा घरात."

मोबाईल ऐंशी टक्के चार्ज होता.

"चार्जिंग संपलंय," धनश्री म्हणाली.