लायलने स्वतःच्या हाताने घातलेलं कुंपण

लायल हिकमटच्या घरी पाहुणा आंघोळीला निघाला की लायलची बायको कोरल त्याच्या मागोमाग जाऊन सांगायची, "ज्या नळावर 'गरम' लिहिलंय ना, तो गार पाण्याचा आहे हं." पाहुणा हसायचा आणि थोड्या वेळाने आतून ओरडायचा. तो नळ लायलने बसवला होता. स्वयंपाकघरातला सुऱ्या-चमच्यांचा खण कमरेने धक्का मारल्याशिवाय उघडत नसे, तोही त्याचाच. गाडी उभी करायच्या जागेवरचं छप्पर तर एका अंगाने इतकं उतरलं होतं की उंच माणसाने तिथे टोपी काढूनच उभं राहावं. पण विचारा तर खरं, कोणी केलं हे सगळं? पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जेराल्डटनच्या बंदरावर धान्याच्या कोठारात उभा जन्म काढून निवृत्त झालेला हा गृहस्थ छाती पुढे काढून सांगणार, "मी स्वतः! कंत्राटदाराला या घरात पाऊल टाकू दिलं नाही कधी."

पैसे मोजून दुसऱ्याकडून काम करून घेणं ही त्याच्या मते पर्थसारख्या मोठ्या शहरातल्या लोकांची थेरं. कोणाच्या दारात कंत्राटदाराची गाडी दिसली की हा पलीकडच्या फुटपाथवर उभा राहून मान हलवायचा. पाच मिनिटं मान हलवून झाली की रस्ता ओलांडून त्या कंत्राटदारालाच सल्ला द्यायचा.

तर तीन हिवाळ्यांपूर्वी वादळ आलं आणि लायल आणि शेजारचा नुन्झिओ यांच्या अंगणांमधलं जुनं कुंपण आडवं झालं. नुन्झिओ म्हातारा इटालियन, आयुष्यभर समुद्रात शेवंडी धरल्या आणि आता टोमॅटो लावायचा. तो भला माणूस म्हणाला, "माझा जावई रोको हेच काम करतो. मधल्या कुंपणाचा खर्च निम्मा तुझा, निम्मा माझा. लावून टाकू."

"पत्र्याची पॅनेलं निम्मी-निम्मी घेऊ," लायल म्हणाला. "मजुरी कसली त्यात? मी काय मेलोय?"

पॅनेलं आली. ताडपत्रीखाली गेली. ताडपत्रीवर गवत वाढलं, खाली कोळ्यांनी संसार थाटले. नुन्झिओ आधी रोज विचारायचा, मग ईस्टरला आणि ख्रिसमसला विचारायला लागला. पुढे तर त्याने विचारणंच सोडून दिलं.

कोरल मात्र सोडायला तयार नव्हती, कारण तिला कुत्री हवी होती. शाळेच्या कँटीनमधली नोकरी संपल्यापासून तिला घर खायला उठायचं. लायल होता, नाही असं नाही. दिवसभर शेडमधून त्याचा आवाज यायचा. "घरात बोलणारा एक आहे," ती बहिणीला फोनवर म्हणाली, "आता ऐकणारं कोणीतरी आणते." शर्यतीतून निवृत्त झालेल्या ग्रेहाउंड कुत्र्यांना घरं शोधून देणारी मार्लीन नावाची बाई गावाबाहेर हायवेला लागून राहायची. कोरल तिच्याकडे गेली. तिथे बिस्किट नावाची एक पट्ट्यापट्ट्यांची कुत्री उठली, हळूच आली आणि सगळं अंग कोरलच्या गुडघ्यांवर टाकून उभी राहिली. कोरलच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"कुंपण नसेल तर कुत्री मिळायची नाही," मार्लीनने स्पष्ट सांगितलं. "ही पळायला लागली की तुम्ही 'अगं, अगं' म्हणेपर्यंत मोटारीखाली. पुढच्या शनिवारी बघायला येते. उभं असेल तर ही तुमची. नाहीतर नॉर्थम्प्टनचं एक कुटुंब हिच्यासाठी कधीचं थांबलंय."

कोरलने घरी येऊन लायलला सगळं सांगितलं. "एवढंच ना?" लायल म्हणाला. "रविवारी सकाळी उभं करतो. तू फक्त सॉसेज भाज."

आता, जेराल्डटनमध्ये शेंबड्या पोरालाही कळतं की बाहेरचं जे काय काम असेल ते सकाळी उरकायचं. दुपारी दक्षिणेचा वारा सुटला की तारेवरचे कपडे शेजारच्या गल्लीत सापडतात. पण लायलचे दोन दोस्त मदतीला आले, आणि दोस्तांची मजुरी म्हणजे बिअरचा खोका. हा खोका काम झाल्यावर फोडायचा असतो. लायलने तो आधीच फोडला, माणसं ताजीतवानी राहावीत म्हणून! मग खांब एका रेषेत यावेत म्हणून दोरी ताणायची कशी यावर वाद झाला, वादातून क्रिकेट निघालं. खड्डे खणले तर रेती परत आत घसरायला लागली. तोवर कालवलेलं सिमेंट घमेल्यातच घट्ट झालं, म्हणून खांब नुसते रेतीतच रोवले. कोरल खिडकीतून बघत होती आणि सॉसेज करपत होते.

"लायल, अरे वारा सुटायच्या आत पॅनेल तरी लाव!"

"कोरल, हे बायकांचं काम नाही गं. घाई केली की सगळं बिघडतं."

पहिलं पॅनेल उचललं तेव्हा वारा सुटला होता. दोस्तांना अक्कल होती, त्यांनी हात सोडले. लायलने सोडले नाहीत. पत्र्याने त्याला उचललं, पळवलं आणि पत्र्यासकट नुन्झिओच्या टोमॅटोंवर नेऊन आदळलं. नुन्झिओ मागच्या दारात उभा होता. त्याने इटालियनमध्ये जे काय म्हटलं ते कोरलला कळलं नाही, पण पटलं.

सोमवारी सकाळी सगळे खांब उत्तरेकडे कलले होते. लायल कमरेला गरम पाण्याची पिशवी बांधून त्यांच्यासमोर उभा राहिला. "वाऱ्याच्या दिशेने मुद्दाम कल ठेवलाय," तो म्हणाला. "आपल्याकडची वाऱ्याने वाकलेली झाडं बघ. पडतात का? याला इंजिनियरिंग म्हणतात."

कोरलने एका खांबाला बोट लावलं. तो आडवा झाला.

एरवी ती हसली असती. गरम नळाला हसली होती, खणालाही हसली होती. चाळीस वर्षं हसण्यावारीच नेलं होतं तिने सगळं, कारण चटका बसला तर तिला नाहीतर एखाद्या पाहुण्याला बसायचा, त्याहून जास्त कोणाचं काही जात नव्हतं. पण त्या सोमवारी तिला नॉर्थम्प्टनचं ते कुटुंब दिसत होतं, आणि त्यांच्या गुडघ्यांवर अंग टाकून उभी असलेली बिस्किट. तिला भयंकर संताप आला. तिने तो नवऱ्यावर काढला नाही. चहा केला आणि गोड आवाजात म्हणाली, "दमलास रे. पाठीला आराम दे जरा. जा की दोस्तांबरोबर कलबारीला, मासे मारून ये चार दिवस."

"आणि कुंपण?"

"ते कुठे पळून जातंय?"

लायल गेला. त्याची गाडी कोपऱ्यावरून वळली न वळली तोच कोरल नुन्झिओच्या दारात उभी होती. म्हाताऱ्याने सरळ रोकोला फोन लावला.

रोको भल्या पहाटे दोन माणसं घेऊन आला. लायलचे खांब त्याने मुळे उपटावेत तसे एका हाताने उपटले, दुसऱ्या हातात कॉफी होती. जितक्या वेळा उपटले तितक्या वेळा मोठ्याने हसला, त्यामुळे कोरलला त्याचा रागही आला. काही झालं तरी नवरा तिचा होता. पण वारा सुटायच्या आत निम्मं काम उभं राहिलं, उरलेलं दुसऱ्या सकाळी. तिने आपल्या साठवणीतून मजुरी दिली. मग अंगणात खुर्ची टाकून ती त्या सरळ रेषेकडे कितीतरी वेळ बघत बसली.

शुक्रवारी लायल परत आला. कुंपण बघून थबकला. खांब हलवून बघितला, हलला नाही. "रोको?" त्याने विचारलं. "रोको," ती म्हणाली. तो तोंड फुगवून शेडमध्ये गेला, जेवायला आला तेही फुगवूनच.

शनिवारी सकाळी मार्लीन व्हॅन घेऊन आली. मागच्या जाळीतून बिस्किट बघत होती. मार्लीनने कुंपणाला खांदा लावून ढकललं, खाली वाकून फट आहे का पाहिलं, आणि खूश झाली. "फारच छान! कोणाचं काम?"

"माझं," लायल म्हणाला.

कोरलने वळून बघितलं. चेहऱ्यावर लाज नाही, चोरी नाही! एका रात्रीत गड्याने स्वतःलाच पटवून टाकलं होतं. "दोरी महत्त्वाची," तो सांगत होता. "आणि घाई करायची नाही. हे कंत्राटदार लोक घाई करतात."

पलीकडे नुन्झिओ खोकला. म्हणू दे, कोरलने मनात म्हटलं. कुत्री मिळतेय ना?

"अहो, देवासारखे भेटलात," मार्लीन म्हणाली. "आमच्याकडे हायवेच्या बाजूचं कुंपण सगळं नव्याने घालायचंय. कंत्राटदार परवडत नाही. तुम्ही घालून द्याल?"

"सोमवारी येतो," लायल म्हणाला. "दोन दोस्त आणतो."

कोरलने व्हॅनकडे बघितलं. हायवेच्या बाजूचं! दुपारी वारा सुटणार, खांब आडवे होणार, आणि ती सगळी वेडी, प्रेमळ जनावरं डांबरावर. व्हॅनमध्ये बिस्किट शेपूट हलवत होती. आता खरं बोललं तर ही बाई दोघांनाही लबाड समजून कुत्री परत घेऊन जाईल, हेही तिला दिसत होतं.

"त्याने नाही केलं," ती म्हणाली.

"कोरल!"

"त्याने नाही केलं हे. रोकोने केलं, मी पैसे दिले. याला कुंपण घालता येत नाही, मार्लीन. नळ बसवता येत नाही, खण बसवता येत नाही. चाळीस वर्षांत याने सरळ असं काही उभं केलेलं नाही. तुमच्या कुत्र्यांजवळ याला फिरकूसुद्धा देऊ नका."

लायलचा चेहरा पांढराफटक पडला. कुंपणापलीकडे नुन्झिओसुद्धा खोकायचा थांबला. मार्लीनने एकदा लायलकडे बघितलं, एकदा कोरलकडे. मग व्हॅनचं दार उघडलं आणि पट्टा कोरलच्या हातात दिला.

लायल शेडमध्ये निघून गेला. बऱ्याच वेळाने, व्हॅन गेल्यावर, आतून फळ्यांची खडखड ऐकू आली आणि दारातून त्याचं डोकं बाहेर आलं. डोळे लाल होते, पण हातात मोजपट्टी होती.

"हिला राहायला घर लागेल ना? लाकूड पडलंय माझ्याकडे."

"नको," कोरल बिस्किटच्या मानेवर हात ठेवून म्हणाली. "ती घरात झोपेल."