भाऊजींचं घुबड
आमचे भाऊजी विमा विकतात, पण जखमी घुबड सापडल्यापासून स्वतःला पक्षिमित्र म्हणवतात. पंख जुळेपर्यंत न्हाणीघरातल्या खोक्यापुढे बसून, नाक दाबून त्याला मांसाचे तुकडे भरवले ते माझ्या ताईने. आयत्या बिळावरचे हे नागोबा फोटोपुरते हातमोजे घालायचे. घुबड सोडायचं ठरवलं तेही भर दुपारी, का तर उजेडात फोटो चांगले येतात. गच्चीवर शेजारी गोळा केले, भाषण ठोकलं आणि घुबड उडवलं. कावळ्यांनी त्याला तिथेच घेरून, टोचून खाली पाडलं. ताई ओढणी घेऊन धावली. भाऊजी पाण्याच्या टाकीमागे डोकं झाकून बसले. कावळे पांगल्यावर बाहेर आले, हातमोजे चढवले आणि ताईला म्हणाले, “दे इकडे. फोटो राहिलाय.”