पत्र लिहिताय का?

आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टी ऐकल्या की मला हसू येतं. आणि कॉम्प्युटर तर मी रोज उघडून धूळ पुसायचे, त्याचं मला कसलं अप्रूप! तरी ही एक गोष्ट डोक्यातून जात नाही...

दोन हजार दोन-तीनचा सुमार. भोकरदनला बस स्टँडसमोर आमचा कॉम्प्युटर क्लास होता. दुपारी मी बाहेरचं टायपिंग घ्यायचे — अर्ज, लग्नपत्रिका. तेव्हा स्क्रीनच्या कोपऱ्यात एक डोळे मिचकावणारं कार्टून यायचं. इंग्रजीत ‘डिअर सर’ लिहिलं की लगेच विचारायचं — पत्र लिहिताय असं दिसतंय, मदत करू का? मला भारी राग यायचा. मराठीत मात्र तो ताप नव्हता. आमचा मराठी फॉन्ट फक्त वरून मराठी. आत कॉम्प्युटरला इंग्रजी अक्षरांची खिचडीच दिसायची.

हसनाबादचे किसनकाका मुलीची लग्नपत्रिका करायला आले. ते मजकूर सांगत होते, मी टाइप करत होते. निमंत्रकांत पहिलं नाव त्यांनी स्वतःचंच सांगितलं.

“काका, घरात मोठं कोणी नाही?”

“न्हाई.”

नाव टाइप केलं आणि कार्टून आलं. तोच प्रश्न. बंद केलं, परत आलं. तिसऱ्यांदा आलं तेव्हा मी माऊस आपटला.

“काय म्हनून राह्यलं ते?”

“पत्र लिहिताय का, मदत करू का, म्हणतंय. वेडं आहे.”

काकांनी खिशातून एक आंतरदेशीय पत्र काढलं. कोरं... घड्या मळून काळ्या पडलेल्या.

“सहा महिने झाले, घेऊन फिरून राह्यलो. घरात बी कोनाला ठाव न्हाई. मंग ह्याला कोनी सांगितलं?”

त्यांचा थोरला भाऊ अंकुशनगरला, साखर कारखान्यावर. “आई गेली तवा लोक म्हनले जल्दी करा, म्या ऐकलं. दोन घंटे थांबलो असतो, तर दादाला तिचं तोंड दिसलं असतं. तवापासून बोलत न्हाई तो. बराबर हाय त्याचं.”

पत्रिका तशीच राहिली. “लिहा ताई. दादा, माझं चुकलं. तुझं नाव वर टाकून राह्यलो. तू आला न्हाईस तरी वरच राहील.” मला टाइप करताना रडू आवरेना. प्रिंट समोर ठेवून काकांनी ते आंतरदेशीयवर स्वतःच्या हाताने उतरवून काढलं.

लग्नानंतर काका पेढे घेऊन आले. सोबत एक उंच म्हातारे होते. त्यांनी आधी विचारलं, “मशीन कोन्तं?”

नंतर पत्रिकेचा तोच मजकूर मी कितीदा टाइप केला, कार्टून आलं नाही. एक इंजिनिअर म्हणाला, योगायोग. असेलही... पण त्या दुपारी मी ‘दादा’पासून शेवटपर्यंत खरंखुरं पत्र टाइप केलं — आणि तेव्हा ते मदत विचारायला एकदाही आलं नाही.