एकनळी

नवऱ्यावर लक्ष ठेवायच्या नादात मी एकदा शेजारणीच्या हातातली भरलेली बंदूक ओढून घेतली आणि दस्ता खांद्याला न टेकवताच घोडा दाबला. तेव्हा मी पन्नाशीची होते, मांडीवर नातू खेळत होता. म्हणजे अक्कल यायचं वयही होऊन गेलं होतं.

पोंभुर्ण्याजवळ आमची आणि तिची धानाची शेतं एका धुऱ्याला, म्हणजे मधल्या बांधाला, लागून. ती एकटी. नवरा गेल्यावर पीक राखायच्या बंदुकीचा परवाना तिच्या नावावर झाला, पण जुनी बंदूक गंजून गेलेली. परवान्यावर बंदूक एकच मिळणार. मग कोणती घ्यावी? हा प्रश्न सोडवायला रोज संध्याकाळी तिच्या अंगणात कोण, तर आमचे हे. ज्यांना जन्मात कधी गुलेर धड ओढता आली नाही!

मी कुडाआडून ऐकायची. तुम्हीही ऐकलं असतंच.

"रायफल घ्या बाई, दुर्बीणवाली," हे मोबाइलवर चित्रं दाखवत म्हणायचे. "कोसावरून टिपता येते."

तंबाखूला चुना लावत ती एक डोळा मिटायची. वांगं असो का माणूस, पारखायचं झालं की ती एकाच डोळ्यानं बघे. "मले टिपाचं नाई भाऊ, हाकलाचं हाय. अन् रातच्या जागलीत दुर्बीण लावली, त अंधारच जवळ येईन."

"अन् वाघ आला त?"

"वाघाले वाट द्याची. बंदूक डुकरायसाठी."

हे खदखदून हसायचे. माझ्या बोलण्यावर हे शेवटचं कधी हसले, ते आठवता आठवता माझं वरण करपलं. "तिच्या बंदुकीची एवढी काळजी, अन् घरचा विळा काऊन बोथट हाय?" मी विचारलं.

"तुले काय समजते त्यातलं!" हे म्हणाले. झालं, पेटलेच मी.

शेवटी तिनं एकनळी बारा बोअर घेतली, छऱ्यांची काडतुसं घेतली. नळीच्या टोकाला नेम धरायची पितळी माशी असते, तिला डबीतला चुना फासला, चांदण्यात दिसावी म्हणून. पहिला बार हवेत काढायला ती धुऱ्यावर उभी राहिली, तर हे शेजारी नवरदेवासारखे ताठ. मी चिखल तुडवत गेले. "आणा इकडं! मलेही येते!"

बार झाला. मी धानाच्या बांधीत उताणी, केसांत चिखल. डुकरं त्या दिवशी कुठं होती देव जाणे, पण बगळे आणि आमचे हे एकदमच पळाले.

संध्याकाळी ती हळद घालून गरम केलेलं तेल घेऊन आली. माझा खांदा जांभळा झाला होता. ती चोळत होती आणि मी, निर्लज्ज, तिलाच विचारत होते, "माझ्या माणसाले रोज काऊन बोलावता?"

आता ती नाही. तिच्या बांधीत दुसरीच माणसं राबतात. पण तेव्हा ती जे बोलली, ते जसंच्या तसं सांगते.

"मी नाई बोलावत बाई, तेच येतात. मले रोज वाटे, आज त तुम्ही याल त्यायच्यासंगं. रातभर वावरातल्या माचीवर एकटीले भेव लागते, म्हणून बंदूक घेतली. जागलीले तुमची सोबत असती, त थाळी वाजवूनच हाकलली असती डुकरं."