आज कोणी रडलं का?

"आज कोणी रडलं का?"

मेलबर्नजवळच्या टार्निटमधल्या आमच्या खेळाच्या मैदानावर मुलांना घेऊन आलेल्या आयांना ही बाई पहिला प्रश्न हाच विचारायची. हाय नाही, हॅलो नाही. कोणी "नो नो, ऑल गुड" म्हटलं की तिचा चेहरा पडायचा. कोणाचा गुडघा फुटल्याचं कळलं तर मात्र ती पुढे सरसावून विचारायची, "मग? ते मूल उद्या परत येणार ना?"

पन्नाशीची रशियन बाई, घोट्यापर्यंत काळा कोट, हातात पेन्सिल. स्वतःचं मूलबाळ नाही. तासभर बाकावर बसून लोकांची मुलं न्याहाळायची, काहीतरी काढायची आणि मैदान रिकामं झालं की कोटासकट घसरगुंडीवरून खाली यायची. खाली आल्यावर निकाल ठरलेला असायचा. "हे प्लास्टिक मुलांना मूर्ख समजतं."

आता तुम्हीच सांगा, आपल्या लोकांना हे बघून काय वाटणार? आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस नुसता धुमाकूळ झाला. पोलिसांना कळवण्यापर्यंत गोष्ट गेली. शेवटी तिच्या शेजारी राहण्याचा गुन्हा माझ्याकडून घडलेला असल्याने चौकशीचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी डब्यात घरच्या चकल्या भरल्या आणि तिची बेल वाजवली.

तिच्या जेवणाच्या टेबलावर जेवायला जागाच नव्हती. माती, दोऱ्या आणि काड्यांची इवलीशी मैदानं मांडलेली होती. ही बाई रशियातल्या कझानमध्ये मुलांसाठी मैदानं बनवायची. तिच्यासारख्याच चारपाच वेड्यांचा मिळून एक स्टुडिओ होता. तिने फोटो दाखवले. उंच उंच इमारतींच्या मधल्या अंगणात लाकडाची जहाजं, दोरखंडांची जाळी, आणि मधोमध एक टेकडी. हिवाळ्यात त्या टेकडीवर बर्फ गोठला की सगळं अंगण पुठ्ठ्यावर बसून घसरायचं, आजोबांसकट.

"आता स्टुडिओ नाही. सगळ्यांनी देश सोडला," ती म्हणाली. "एक बेलग्रेडला, एक तिबिलिसीला, मी टार्निटला. मी आता ड्रॉवर काढते." म्हणजे नव्या घरांच्या स्वयंपाकघरांची कपाटं कॉम्प्युटरवर आखण्याची नोकरी. ते सांगताना तिचा आवाज अगदी हळू झाला.

मग मी चकलीचा डबा उघडला. तिने एक चकली उचलली, उजेडात धरली, आडवी केली, उभी केली आणि खाण्याऐवजी एका मैदानात नेऊन ठेवली. शेजारी आगपेटीच्या काडीचा माणूस उभा केला. "हे कोणी डिझाइन केलं? फार चांगलं आहे. मूल आत जाईल आणि त्याला बाहेरचं दिसत राहील." मी म्हटलं, "अगं, खायची असते ती." ती म्हणाली, "दुसरी खाते. ही कामावर आहे."

ग्रुपवर मी कळवलं की बाई निरुपद्रवी आहे, फक्त आर्टिस्ट आहे. त्यावर काही जणांची काळजी उलट वाढली.

आमच्या गल्लीच्या टोकाला घरं बांधताना निघालेल्या मातीचा एक मोठा ढीग पडून होता. बिल्डर तो हलवून तिथे सपाट हिरवळ आणि आणखी एक प्लास्टिकची घसरगुंडी बसवणार होता. टार्निट म्हणजे पोळपाट. नजर जाईल तिथपर्यंत सपाट. त्यात हा एकच उंचवटा, आणि तोही जाणार. बाईचा जीव त्या ढिगात अडकला. "तो राहू दे. त्यावर गवत लावू. मला या देशात एक टेकडी करू दे, मग मी आयुष्यभर ड्रॉवर काढीन," ती मला म्हणाली. हे म्हणताना तिचे डोळे भरले होते, आणि मुलांना रडवायला निघालेली ही बाई स्वतःचे डोळे मात्र घाईघाईने पुसून मोकळी झाली.

कम्युनिटी सेंटरमध्ये बैठक झाली. आपली मंडळी जय्यत तयारीने आलेली. धूळ, साप, मोडलेले हात, मळलेले युनिफॉर्म, एकही विषय सुटला नाही. आमच्या मित्रमंडळींतले एक कुलकर्णी उभे राहिले. "मॅडम, कोणी पडलं तर हू इज रिस्पॉन्सिबल?"

"ग्रॅव्हिटी," ती म्हणाली.

मी डोक्याला हात लावला. बिल्डरचा माणूस मात्र हसला आणि म्हणाला, "नो वरीज, तुम्हा सगळ्यांना हवा असेल तर ठेवू. नेक्स्ट वीकमध्ये सांगा." सगळ्यांना म्हणजे कोणालाच नाही, हे त्यालाही दिसत होतं.

शनिवारी सकाळी बाई घरोघर फिरली आणि टीव्हीचे, फ्रिजचे खोके गोळा करून ढिगापाशी जाऊन उभी राहिली. नवीन वस्तीत पुठ्ठ्याला तोटा नव्हता. आम्ही लांबून गंमत बघत होतो. मुलांना आम्ही घट्ट धरून ठेवलं होतं.

तेव्हा सांगलीहून माझ्या सासूबाई आल्या होत्या. पंजाबी ड्रेस, पायात स्पोर्ट्स शूज, आणि दिवसभर एकच तक्रार, "घरात बसून कंटाळले गं. बाहेर गेलं तरी सगळीकडे तेच दिसतं." कोणाला काही कळायच्या आत त्या ढिगाकडे निघाल्या. बाईने हात दिला आणि त्या वर चढल्या.

"अगंबाई!" वरून आवाज आला. "इथून गाडी दिसते! मेलबर्नची गाडी! आणि तिकडे डोंगर आहेत गं, खरेखुरे डोंगर!"

"आई, खाली या, गुडघा!" मी ओरडले.

"गुडघ्याला काय धाड भरली आहे? हिला विचार, या पुठ्ठ्यावर बसायचं कसं."

विचारायची गरजच नव्हती. एक मराठीत बोलत होती, दुसरी रशियनमध्ये, आणि दोघींचं व्यवस्थित चाललं होतं. बाई सासूबाईंच्या मागे बसली, त्यांच्या कमरेला मिठी मारली आणि दोघी धूळ उडवत खाली आल्या. खाली पोहोचल्यावर सासूबाई इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. बाई आनंदाने माझ्याकडे वळली. "बघ! कोणीतरी रडलं!"

"परत," सासूबाई म्हणाल्या आणि वर निघाल्या.

माझ्या मुलीने हात कधी सोडवून घेतला मला कळलंच नाही. "मम, इट्स माय टर्न!" थोड्या वेळाने कुलकर्णीही पुठ्ठा बगलेत मारून रांगेत उभे होते आणि पुढच्यांना घाई करत होते. ढीग राहिला.

पण त्यावर गवत उगवेपर्यंत बाई राहिली नाही. होबार्ट शहरातल्या एका लहानशा स्टुडिओने आमच्या टेकडीचे फोटो पाहिले आणि तिला बोलावून घेतलं, मैदानं बनवायला. तिथे आयते डोंगर आहेत म्हणे, मग हिची काय गरज, असं मी तिला चिडवलं. निघताना तिने मला एक डबी दिली. आत ती चकली होती. "हिचं काम झालं," ती म्हणाली. "आता खाऊ शकतेस." ती दगडासारखी झाली होती. मी ठेवून दिली आहे.

गेल्या महिन्यात टेकडी सगळ्यांसाठी उघडली. हिरवीगार, वर चढायला दोरखंड. संध्याकाळी मुलं घरी गेल्यावर मी एकटी वर गेले. भीती वाटत होती, ते आधी कबूल करते. पुठ्ठ्यावर बसले, डोळे मिटले आणि खाली आले. सवयीने पायथ्याच्या बाकाकडे पाहिलं. बाकावर कोणी नव्हतं.

टेकडीचा फोटो काढून तिला पाठवला. लगेच प्रश्न आला, "आज कोणी रडलं का?"

मी लिहिलं, "हो. मी."

"छान," तिचं उत्तर आलं. "उद्या परत जा."