त्यांच्या सिनेमात कुणी कुणाला अडवत नाही

मे महिन्यातला शेवटचा रविवार. जुरोंग ईस्टच्या मॉलमधलं थिएटर, जपानी सिनेमाची तीन तिकिटं, एकोणचाळीस डॉलर. हजर: मी, माझी बारा वर्षांची मुलगी आणि नागपूरहून आलेले बाबा. आई गेल्यावर त्यांना मी इकडे आणलं होतं. त्यांनी आता आमच्याकडेच राहावं म्हणून इथं राहण्याच्या परवान्याचे, म्हणजे पासचे कागदही तयार ठेवले होते. त्यांनी हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं.

रविवारी जपानी सिनेमा हा आमचा नेमच झाला होता. बाबांना इंग्रजी सबटायटल्स वाचता येत नसत. आधी मुलगी कानात सांगायची, मग त्यांनीच तिला थांबवलं. "राहू दे. समजते मले."

समजायचंही. जपानमध्ये गर्दी खेचणाऱ्या या सिनेमांत कुणी भात वाढतं, कुणी दारातल्या चपला सरळ लावतं. रडण्यापेक्षा जेवणं जास्त. एकदा मी मोजली होती. दुःख त्यांना आवडतं, पण नीट घडी घातलेलं. कुणी कोसळलं, की शेजाऱ्यानं नजर वळवावी तसा कॅमेरा लांब जातो.

त्या दिवशीच्या सिनेमात एक म्हातारा खानावळ बंद करून आपल्या बेटावर परत निघतो. मुलगा त्याला डबा देतो, वाकतो आणि बोट दिसेनाशी होईपर्यंत धक्क्यावर उभा राहतो.

नंतर हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाळ्यांपाशी चहा घेताना मुलगी म्हणाली, "सो सॅड लाह, आजोबा. त्यानं थांबवायला हवं होतं."

"काहून? डबा देल्ला ना पोट्ट्यानं. आपल्या सिनेमात हिरो स्टेशनवर धावत सुटते. यायच्या सिनेमात कोणी कोणाले अडवत नाही. मले आवडते ते."

"तुम्ही धावला असतात?"

"गुडघा तिथंच राह्यला असता माहा."

मग कपाकडे बघत ते मला म्हणाले, "तुह्या आईच्या फोटोपुढं मेणबत्ती लावाले तिथं कोणी नाही, बाप्पा."

माझा हिशेब तयार होता: इथला दवाखाना सात मिनिटांवर, तिथला पाऊण तास. मी तो मांडला नाही.

पुढच्या शनिवारी चांगी विमानतळावर मी त्यांच्या हातात पोळीभाजीचा डबा दिला. काचेपलीकडून त्यांनी हात जोडले. ओठांवरून 'जय भीम' कळलं. ते दिसेनासे झाले तरी मी उभाच होतो, आणि मुलीनं चला म्हटलं नाही.

डिसेंबरात ते स्वतःच्या घरात, झोपेत गेले. डबा घासून आईच्या फोटोशेजारी ठेवलेला होता.

बाबांच्या परतीच्या तिकिटाची तारीख अलीकडे आणायचे एकशे वीस डॉलर मी तेव्हा विमान कंपनीला भरले होते. पासची फी कुणालाच द्यावी लागली नाही.