वर्गाच्या दारात दोन जोकर

नाकावर लाल गोळा चढवला की किस्से शोधायला कुठे जावं लागत नाही बापा, कुसळासारखे अंगाला चिकटून घरी येतात! मी यवतमाळात नर्स, विजूभाऊ विमा एजंट. दर सोमवारी आम्ही दोघं नेरजवळच्या एका शाळेत जोकर होऊन जातो. पोरांच्या मनावरचा भार हलका करायला. निदान आमचा तसा समज होता.

*

पहिल्याच दिवशी शिपायाने गेटवर अडवलं. "जादूचे प्रयोग हेडसरनं बंद केले!"

"आम्ही जादूवाले नाही, काका."

"मंग काय विकता?"

"काहीच नाही जी," विजूभाऊ म्हणाला. "पोरायसंग फुकट खेळतो."

"फुकट? मंग त पह्यले हेडसरलेच इचारा लागन!"

*

हेडसर माणूस भला, पण माईकचा भारी शौक! प्रार्थनेनंतर जाहीर केलं, "ज्यांना मानसिक टेन्शन आहे, त्यांनी हात वर करा!"

अख्ख्या मैदानात एक हात नाही.

"पाहा मॅडम, आपल्या शाळेत टेन्शनच नाही. चला, चहा घेऊ!"

मी कपाळाला हात लावला.

*

खरं तर आम्हाला बोलावलं होतं सहावीच्या राऊतबाईंनी, पायलसाठी. वडील अपघातात गेले तेव्हापासून पोरगी शाळेत एक अक्षर बोलत नव्हती. दिवाळीपर्यंत बोलली नाही तर दाखला काढून घरीच बसवते, असं तिची आई म्हणत होती. बाईंचा जीव टांगणीला लागलेला.

आमचा नियम एकच. दारात थांबून पोरांना विचारायचं, "येऊ का?" नको म्हणाले तर मुकाट परत. मोठ्या माणसाला नको म्हणायची मुभा पोरांना आणखी कुठे मिळते? मी पायलकडे पाहून विचारलं, "येऊ का?"

बाई मागून ओरडल्या, "हो म्हण पायल! लवकर हो म्हण!"

"बाई, तुम्ही नका ना बोलू!"

"बरं, नाही बोलत. पायल, म्हण ना वं हो!"

पुढचे चार सोमवार हेच! पायल काही बोलायची नाही, बाकीची पोरंच "या, या" म्हणून आम्हाला आत घ्यायची. मी अगदी वैतागून गेले.

*

एकदा विजूभाऊ डोक्यावरचीच टोपी वर्गभर शोधत फिरला. पोरं हसून लोळायला लागली. तेवढ्यात पीटीचे सर आत. "गोंधळ कायले करून राह्यले? हसाचं असन त रांगेनं हसा! पह्यली रांग, सुरू!"

पहिली रांग खरंच हसली. हाताची घडी घालून!

*

दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा सोमवार. मी हात जोडून राऊतबाईंना व्हरांड्यात उभं केलं, तोंडावर पदर धरायला लावला. दारातून विचारलं, "पायल, येऊ का?"

पायलने बराच वेळ आमच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "नका येऊ."

अगदी स्पष्ट. सगळ्यांना ऐकू गेलं.

नियम म्हणजे नियम! आम्ही वाकून नमस्कार केला आणि उलट्या पावली निघालो. विजूभाऊ दारावर आदळला, त्याचं नाक गळून पडलं, तरी उचलायला थांबला नाही. मला तर रडूच फुटलं.

व्हरांड्यात राऊतबाई डोळे पुसत फोनवर ओरडत होत्या, "ताई, दाखला काढू नका! तुमच्या पोरीनं आत्ताच दोन जोकरायले वर्गातून हाकलून देल्लं!"